अर्धा सूर वर

या सगळ्या उठाठेवीतून ट्यूनरबाईंना मिळणार काय होतं, ते आधी मांडलेलं बरं. पैसा म्हणावा, तर पियानो सुरात लावणाऱ्या माणसाचं नाव आजवर कुठल्या तबकडीच्या पाकिटावर छापलेलं नाही, मग बिदागी कुठली. मान म्हणावा, तर वकीलसाहेबांच्या रविवारच्या बैठकीत त्यांची खुर्ची दाराजवळची, मानेला वारा लागणारी. ती पुढे सरकण्यापेक्षा दाराबाहेर जाण्याचीच शक्यता जास्त होती. जमेच्या बाजूला काय ते एकच होतं: अकरा शब्दांचं एक वाक्य. ते नव्या पाकिटावर छापलं जाणार होतं, आणि ट्यूनरबाईंना ते छापू द्यायचं नव्हतं.

वाक्य असं: 'पियानोवाल्याची घाई सोडली, तर या आठ गाण्यांत नाव ठेवायला जागा नाही.'

पियानोवाला म्हणजे ट्यूनरबाईंचे वडील. आता शहाऐंशीचे. ती आठ गाणी वाजवली तेव्हा ते चोवीसचे होते आणि गाणारी मुलगी एकोणीसची. बँडमधले लोक तिला 'घागर' म्हणायचे. पुढे जॅझ गाणाऱ्यांत तिचं नाव इतकं मोठं झालं की तिच्या तबकड्या लोक कपाटात कुलूप लावून ठेवू लागले. पियानोवाल्याच्या वाट्याला मात्र 'घाईबाज' हे विशेषण आलं. एकाने ते एका लेखात वापरलं, दुसऱ्याने पहिल्याचं उचललं, तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला. चुकीची गोष्ट तीन ठिकाणी छापून आली की तिला संदर्भ म्हणतात.

वडिलांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. बँड सोडला आणि चाळीस वर्षं मुलांना पियानो शिकवला. शिकवताना एकच मंत्र: "सावकाश." मुलांनी त्यांचं नावच सावकाशसर पाडलं होतं. त्यांचे विद्यार्थी वाढदिवसाचं गाणं वाजवायला बसले की मेणबत्त्या वितळून केकमध्ये मिसळायच्या. ज्या माणसाला जगाने घाईबाज म्हटलं, त्याने अख्ख्या गावातल्या मुलांची बोटं मंद करून ठेवली. त्या आठ गाण्यांची तबकडी मात्र घरात कधी आली नाही. ट्यूनरबाईंनी ती ऐकली ती वकीलसाहेबांकडेच, पन्नाशी उलटल्यावर.

वकीलसाहेब निवृत्त होते, पण त्यांची वकिली निवृत्त झाली नव्हती. दर रविवारी चार वाजता सातआठ माणसं त्यांच्या दिवाणखान्यात जमत. साहेब आधी साबणाने हात धूत, मग तबकडी कडेने धरून पाकिटातून काढत, मऊ ब्रशने धूळ टिपत, आणि सुई टेकवण्याआधी सगळ्यांकडे असं बघत की खोकला आलेला माणूसही तो गिळून टाकी. घागरच्या त्या आठ गाण्यांच्या मूळ, जुन्या, जड तबकड्या आता एकट्या त्यांच्याकडे उरल्या होत्या. एक छोटी कंपनी आता त्यांवरून नवी मोठी तबकडी काढणार होती. पाकिटावरचा मजकूर साहेबांचा, आणि कापणी येत्या गुरुवारी. कापणी म्हणजे नव्या कोऱ्या तबकडीत यंत्राने खाच पाडायची. एकदा ती पडली की पुढच्या सगळ्या प्रती तिच्यावरूनच निघतात.

त्या रविवारी साहेबांनी मजकूर वाचून दाखवला. सुरुवात घागरच्या 'कोवळ्या, उंच, काचेच्या घंटीसारख्या' आवाजाने होती. मग ती लयीच्या किंचित मागे राहून शब्द कसा टाकते, श्वास कसा ऐकू येतो. हे सगळं अगदी खरं आणि छान लिहिलेलं. दुसऱ्या पानावर साहेबांमधला न्यायाधीश जागा झाला: पुढे सिगारेटी आणि जागरणं यांनी आवाज जाड झाला, तिशी उलटताच पार बसला. आणि शेवटी ते अकरा शब्द.

"वकीलसाहेब, तेवढं एक वाक्य गाळता येईल?" ट्यूनरबाईंनी दारातल्या वाऱ्यातून विचारलं.

"ट्यूनरबाई, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे," साहेब म्हणाले. "पण कान साक्ष देतो त्याला मी काय करू? ऐका पुन्हा."

आणि त्यांनी तिसरं गाणं लावलं. तीच त्यांची चूक झाली.

कारण त्याच सकाळी ट्यूनरबाईंनी घरचा पियानो लावला होता. तीन वर्षांनी. दुनियेचे पियानो सुरात आणि घरचा बेसूर, ही त्यांच्या धंद्याची रीतच. काम झाल्यावर वडील नेहमीप्रमाणे उठून आले, उभ्यानेच एक जागा वाजवली आणि "ठीक" म्हणून परत गेले. ती जागा म्हणजे त्यांची स्वतःची खासियत होती: काळी दोनवर ठेवलेलं बोट न उचलता खालच्या पांढरी दोनवर घसरवायचं. पायरीवरून पाय घसरावा तसं. दुसऱ्या सुराला स्वतःचा ठोका नसतो, पहिल्याच्या खांद्यावरून तो उतरतो. दुसऱ्या बोटाने वेगळं वाजवलं तर ती गंमत येत नाही. सकाळपासून ती घसरण बाईंच्या कानात घर करून होती.

आणि आता तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला, चोवीस वर्षांच्या बाबांच्या हाताखालून, तीच घसरण आली. पण काळी दोनवरून पांढरी दोनवर नाही. पांढरी तीनवरून काळी दोनवर.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. पांढऱ्या पट्टीवरून बोट काळीवर घसरत नाही. काळी पट्टी उंच असते. बोट तिला जाऊन आपटतं, फुटपाथच्या कडेला चाक आपटावं तसं. पाणी चढाला वाहत नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. मधेच बोलणं हा त्या खोलीतला फौजदारी गुन्हा. "हे अर्धा सूर वर आहे. सगळंच. तबकडी जोरात फिरतेय."

"माझं यंत्र?" साहेब उठून उभे राहिले.

"तुमचं नाही. ज्या यंत्राने ही कापली ते त्या दिवशी मंद चाललं असणार. कापताना मंद आणि वाजवताना ठरल्या वेगाने, म्हणजे सूरही चढणार आणि लयही पळणार. बाबांनी घाई केली नाही. यंत्राने केली."

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, ते मऊ आवाजात म्हणाले, "साठ वर्षं शेकडो जाणत्यांनी हे ऐकलं. चूक सापडली ती नेमकी पियानोवाल्याच्या मुलीला. कोर्टात याला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"काय म्हणतात?"

"हितसंबंध."

"आणि पुरावा आणला तर?"

"तर बघू," साहेब म्हणाले. "गुरुवारी दहाला कापणी. पुरावा चालता-बोलता हवा. तक्ते आणि काटे नकोत."

निघताना वकीलीणबाई दारापर्यंत आल्या. "सांभाळून हं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या लग्नाआधीपासून हा माणूस त्या उंच आवाजाच्या प्रेमात आहे. माझी सवतच ती. तिला हात लावलात तर चहा मिळायचा नाही तुम्हाला इथे."

सोमवारी ट्यूनरबाई कापणी करणाऱ्याकडे गेल्या. सगळे त्याला कटर म्हणत. पन्नाशीचा, अबोल, कानावरचे हेडफोन गळ्यात ओघळलेले, हाताची नखं सुईच्या टोकाने साफ करणारा. त्याच्या यंत्राजवळ वेग कमीजास्त करायची एक घुंडी होती.

"ही अशी एवढीशी फिरवली की काम झालं," बाई म्हणाल्या.

"फिरवीन," कटर म्हणाला. "पण तुमच्या शब्दावर नाही. तुम्ही ऐकलंत, साहेबांनी ऐकलं, मीही ऐकलं. कानाला कान भिडले की ज्याचं नाव मोठं त्याचा कान खरा."

"मग काय आणू?"

कटरने कोपऱ्यातल्या जुन्या उभ्या पियानोकडे मान हलवली. "ज्या बोटाची गोष्ट सांगताय ना, ते बोट आणा."

हेच अवघड होतं. वडिलांसमोर त्या तबकडीचं नाव काढलं की ते दाढदुखी असल्यासारखा चेहरा करून आतल्या खोलीत जात. सरळ सांगितलं तर ते येणार नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रात्रंदिवस विचार वगैरे केला नाही. मंगळवारी हातोडी, पाचर आणि स्वरकाटा घेऊन कटरकडे गेल्या आणि तो उभा पियानो अंगावर घेतला. मंगळवार गेला, बुधवार गेला. दोन तारा बदलल्या, एक हातोडा चिकटवला, आणि स्वरकाट्याशी जुळवून सूर बसवला. कटर म्हणाला, "मी पैसे देणार नाही हं." बाई म्हणाल्या, "मागितलेत कुणी?"

बुधवारी संध्याकाळी त्यांनी जेवताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "बाबा, एका ठिकाणी पियानो लावलाय. तुम्ही तपासल्याशिवाय माझं मन भरत नाही. उद्या येता?"

"घरी आणायचा नाही का," म्हातारा म्हणाला.

"खिशात मावला नाही."

"टॅक्सीचे तू देणार?"

"मीच."

"मग येतो. पण सावकाश चालवायला सांग त्याला."

गुरुवारी दहाला दार उघडून बाबा आत आले. साहेब बसलेले, कटर यंत्रापाशी, फिरत्या चकतीवर ती जड काळी तबकडी. बाबांच्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. ते मुलीकडे वळले.

"फसवलंस."

"हो," बाई म्हणाल्या. "पण पियानो खरंच लावलाय. तेवढं तपासा. मग हवं तर घरी जाऊ."

म्हातारा जागचा हलला नाही. पण चार पावलांवर सुरात लावलेला पियानो उघडा असताना पियानोवाल्याने परत फिरायचं, म्हणजे तहानलेल्याने विहिरीला पाठ दाखवायची. ते गेले, उभ्यानेच काळी दोनवर बोट ठेवलं आणि घसरवलं.

"ठीक," ते म्हणाले.

"आता हे ऐका," म्हणून बाईंनी कटरला खूण केली. तिसऱ्या गाण्याची सुरुवात झाली. घसरण आली, अर्धा सूर वर. बाबांनी डोळे मिटून घेतले.

साहेब उलटतपासणीला उठले. "आजोबा, नमस्कार. हे वाजवणारे तुम्हीच?"

"मीच. मान्य आहे. साठ वर्षं मान्य आहे."

"मग आत्ता वाजवलंत ते खालच्या पट्टीत, आणि तबकडीवर वरच्या. वयाने पट्टी विसरायला होते."

"वाजवा ना बाबा, तबकडीच्या पट्टीत वाजवा," बाई म्हणाल्या.

बाबांनी पांढरी तीनवर बोट ठेवलं आणि खाली घसरवायला गेले. बोट काळ्या पट्टीच्या भिंतीला आपटून थांबलं. पुन्हा आपटलं. मग त्यांनी दोन बोटांनी दोन सूर वाजवले: टक, टक. शाळेतल्या मुलासारखं. कटरने हेडफोन कानावर चढवून तबकडीवरची जागा पुन्हा ऐकली आणि मान हलवली. "दोन ठोके नाहीत. एकच आहे."

"ठीक," साहेब म्हणाले. हार इतक्या लवकर मानतील तर वकील कसले. "पण त्या दिवशी तो पियानोच अर्धा सूर चढवून लावलेला असेल. मग काळी दोन वाजवली तरी ऐकू येणार पांढरी तीन. काय म्हणता?"

प्रश्न चांगला होता. ट्यूनरबाईंना तो मनापासून आवडला. सोमवारपासून त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

"जुना पियानो अर्धा सूर चढवायचा म्हणजे दोनशेच्या वर तारा ताणायच्या. निम्म्या तुटतात, उरलेल्या चौकट वाकवतात. तरी धरून चालू की कुणा गाढवाने चढवला. पण त्या गाण्यात क्लॅरिनेटही आहे, सगळी भोकं बंद करून येणारा त्याचा तळाचा सूरही तेवढाच वर. त्याला तारा नसतात, वकीलसाहेब. त्याला काय कापून आखूड केला?"

कटर पहिल्यांदाच हसला. आणि साहेबांची वाट न बघता त्याने घुंडीला हात घातला.

पियानोजवळ बाबा काळी दोनवर बोट धरून होते. तबकडी पहिल्यापासून लागली. घुंडी केसभर फिरली, सूर उतरू लागला, चढाची गाडी सपाटीला यावी तसा. आणखी केसभर. तबकडीतली घसरण आणि बाबांच्या बोटाची घसरण जवळ आल्या, एकमेकींवर घासल्या आणि एक झाल्या. चोवीस वर्षांचा हात आणि शहाऐंशी वर्षांचा हात, मधे तसूभरही फट नाही. ढोलावरचे ब्रश कोरड्या पानांसारखे निवांत फिरू लागले. मग तिने गायला सुरुवात केली.

काचेची घंटी कुठेच नव्हती. भरलेला, रुंद, खोल आवाज. विहिरीत सोडलेली घागर पाणी घेताना करते तसा. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढा आवाज मावतो कुठे, असं वाटावं. शब्द टाकायची तिला मुळीच निकड नव्हती. पियानो तिच्यासाठी दार उघडं धरून उभा होता आणि ती मर्जीने आत येत होती. घाई कुणालाच नव्हती. गाणं संपलं तरी साहेब उभेच होते.

"ही आमची घागर," बाबा म्हणाले. "अशीच होती. म्हणून तर नाव पडलं."

"नाव आवाज जाड झाल्यावरचं ना?" साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवसापासूनचं. तबकडीत आवाज चढलेला होता, ते आम्हाला कळलं होतं की. सगळे म्हणाले, यंत्रात आवाज चढतोच, फोटोत माणूस जाड दिसतो तसा. पण लय पळताना ऐकली, तेव्हा वाटलं की हे माझ्या हातचं. सुरुवात पियानोची. गाडी मीच सोडली होती."

सूर चढला तो यंत्रामुळे आणि लय पळाली ती माणसामुळे! एकाच चुकीचे दोन तुकडे करून दोघांच्या गळ्यात बांधले होते, आणि बँडमधल्या नऊ जणांपैकी एकालाही ते जोडून बघावंसं वाटलं नव्हतं.

"मग पुढे?" बाईंनी विचारलं. "मला कधी सांगितलं नाहीत."

"विचारलंस कधी? पुढे तबकडी खपली. लोक क्लबात येऊन म्हणायचे, ही तबकडीसारखी गात नाही, आवाज जड झालाय. बँडमास्तर म्हणाला, सगळं अर्धा सूर वर घ्या, लोकांना ऐकायचंय तसं द्या. घेतलं. मला म्हणाला, ती घसरण वाजव. त्या पट्टीत ती येतेच कुठे? बोट आपटायचं. तो म्हणायचा, तबकडीवर आहे, म्हणजे येतं. वर्षभर आपटून बँडच सोडला मी. ती राहिली. रोज संध्याकाळी दोन खेळ, अर्धा सूर वर. अकरा वर्षं गात राहिली."

"म्हणजे सिगारेटी..." साहेब म्हणाले.

"कसल्या सिगारेटी? तिला धूर चालायचा नाही. खोकायची बिचारी."

कटरने विचारलं, "कुठल्या वेगाने कापू?"

साहेबांनी खिशातून मजकुराची पानं काढली. दुसरं पान पूर्ण वाचलं, घडी घालून उलटं खिशात ठेवलं. पहिल्या पानावरची काचेची घंटी पेनाने खोडली. "आजोबा म्हणतात त्या," ते म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत बाबांचं बोट गुडघ्यावर घसरत होतं.

"घाई माझी नव्हती तर."

"नव्हती, बाबा."

"ती होती असं समजून माझं बरं चाललं होतं गं," ते म्हणाले. "चूक केली, सोडून दिलं, पोरांना शिकवलं. सरळ होतं सगळं. आता चूकही नाही आणि बँडही नाही." मग म्हणाले, "सोडलं नसतं तर तिला सांगता आलं असतं, खाली उतर म्हणून. मी म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं."

अकरा शब्द बाईंनी काढून घेतले होते. त्यांच्या जागी हे दोन-चार शब्द घरी येणार आहेत, हे हिशेबात धरलं नव्हतं.

तेव्हा कोणी काय भरलं, ते असं. मंद चाललेल्या यंत्राने काही नाही, आणि ते चालवणाऱ्यानेही नाही. बँडमास्तरने नाही, तो सुखात गेला. कटरने एक सकाळ. वकीलसाहेबांनी एक पान, आणि सतराव्या वर्षापासून जिच्यावर जीव लावला ती काचेची मुलगी, जी कधी नव्हतीच. ट्यूनरबाईंनी वडिलांची शांत झोप. वडिलांनी मंचावरची सगळी वर्षं, आणि तीही यंत्राच्या चुकीपायी. उरलेलं सगळं त्या मुलीने भरलं: रोज दोन खेळ, अकरा वर्षं, अर्धा सूर वर, गळा संपेपर्यंत.